झाडावर चढण्याआधी छाटणीवाले काय बोलतात? ऐकून घ्या, माणूस अन् झाड दोन्ही वाचतील

नागपूर : उन्हाळा सरत आला की काटोल-नरखेडपासून उमरेड-भिवापूरपर्यंत गावोगाव एक काम हमखास निघते. घरावर आलेला फांदा उतरवायचा, तारेला लागलेलं झाड छाटायचं, धुऱ्यावरची बाभूळ कमी करायची. पहिल्याच वादळात निंबाचा फांदा टिनावर पडला तर टिनही जाते अन् खाली बांधलेलं जनावरही. म्हणून कुऱ्हाड, आरी आणि दोर घेऊन फिरणाऱ्या दोन-चार जणांच्या टोळीला या दिवसांत मोठी मागणी असते.

घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती घेता?’ टोळीतल्या जाणत्या माणसाचं लक्ष मात्र तेव्हा वर असते. तो झाडाभोवती एक चक्कर मारतो, बुंध्यावर कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकून पाहतो आणि सोबत्याशी तुटक बोलतो. ‘पडन कुठं?’ ‘पोकळ वाजून राह्यलं.’ ‘लाइन कोणती हाय?’ ऐकणाऱ्याला हे साधं बोलणं वाटते. पण याच बोलण्यात त्यांचं सगळं शास्त्र आहे. हे शब्द कळले तर कोणाला झाडावर चढू द्यायचं आणि कोणाला चहा पाजून परत पाठवायचं, हे घरमालकालाही ठरवता येते.

‘पडन कुठं?’

हा पहिला प्रश्न. फांदा कापणं सोपं आहे, तो पाहिजे तिथं पाडणं कठीण. फांद्याचं वजन कोणत्या बाजूला आहे, वारा कुठून आहे, खाली छत, गोठा, विहीर, तार काय आहे, हे आधी पाहावं लागते. हिरव्या फांद्यात पाणी भरलेलं असते. खालून हलका दिसणारा फांदाही दोन-चार माणसांच्या वजनाचा निघू शकतो.

मोकळी जागा असेल तर फांदा सरळ पाडतात. खाली घर असेल तर दोर लागतो. फांद्याला दोर बांधायचा, तो वरच्या मजबूत बेचक्यातून खाली आणायचा आणि खालच्या माणसानं तो बुंध्याला एक-दोन वेढे देऊन धरायचा. वजन वेढ्यावर येते, हातावर येत नाही. म्हणून जाणता माणूस नवख्याला आधी बजावतो, ‘दोर हाताला गुंडाळू नको.’ फांदा सुटला की गुंडाळलेला हात दोरासोबत ओढला जातो. बोटं जायला एक क्षण पुरतो.

‘खाली कोणी हाय का?’

वरचा माणूस काप पूर्ण करण्याआधी हे विचारतो. खालून ‘मोकळं हाय!’ असा आवाज आला तरच शेवटचा काप. उत्तर आलं नाही तर हात थांबतो. ही साधी सवय अनेक जीव वाचवते. वरच्याला पानांमुळं खालचं दिसत नाही आणि खालच्याला आरीच्या आवाजात नेमकं ऐकू येत नाही. त्यामुळं चांगल्या टोळीत बोलणारा एकच असतो. चार जण एकदम ‘ओढ’, ‘सोड’, ‘थांब’ ओरडू लागले की अपघात जवळ आला समजा.

गावात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे पाहणारे. झाड कापणं सुरू झालं की पोट्टे जमतात, सरपण वेचायला बाया येतात, कोणी मोबाइलवर व्हिडिओ काढतो. फांदा पडताना डहाळ्या टेकून तो उसळतो, सरकतो, लोळतो. फांद्याची जेवढी लांबी, तिच्या दुप्पट अंतरावर सगळ्यांनी राहावं. सरपण वेचायचं ते वरचा माणूस खाली उतरल्यावर.

‘लाइन बंद हाय का?’ आणि खरा धोका

या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर दुसरी संधी मिळत नाही. गावातून जाणाऱ्या तारांमध्ये घरगुती पुरवठ्याच्या साध्या तारा असतात, तशीच ११ हजार व्होल्टची लाइनही असते. साध्या तारेवरची वीजही माणूस मारायला पुरेशी आहे. ११ हजारच्या लाइनला तर हात लागायचीही गरज नसते. फार जवळ गेलं तरी झटका बसू शकतो. हिरवी फांदी, ओला दोर, लोखंडी शिडी, घामानं भिजलेलं अंग, हे सगळे विजेला रस्ता देतात.

ग्रामीण भागात एक गैरसमज जीवघेणा ठरतो. ‘आता लाइन गेली आहे, पटकन दोन फांद्या मारून घे.’ शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. पण गेलेली लाइन कधी येईल, हे झाडावर बसलेल्याला कळत नाही. थ्री फेज नसली तरी सिंगल फेज सुरू असू शकते. एखाद्या घरचं जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीच्या पद्धतीनं जोडलेलं असेल तर बंद तारेतही उलटी वीज येते. म्हणून ‘गेलेली’ लाइन आणि ‘बंद केलेली’ लाइन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महावितरणच्या कर्मचाऱ्यानं पुरवठा तोडून, तपासून, तार जमिनीला जोडून ‘आता चढा’ म्हटलं, तीच बंद लाइन.

तारेला लागलेली फांदी काढणं हे महावितरणचं काम आहे. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत ते केलं जाते. आपल्या भागात राहिलं असेल तर १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार द्यावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. वादळात फांदी तारेसह खाली पडली असेल तर ती उचलायला जाऊ नये. आसपासची जमीनही विजेनं भारलेली असू शकते. जनावरं, लेकरं दूर ठेवावी आणि आधी फोन करावा.

‘पोकळ वाजून राह्यलं’

बुंध्यावर ठोकल्यावर भरीव लाकूड बद्द आवाज देते, पोकळ लाकूड ढोलासारखं वाजते. पण जाणती माणसं एवढ्यावर थांबत नाहीत. बुडाजवळ अळंबी उगवली आहे का, वाळवीच्या मातीच्या रेषा वर चढल्या आहेत का, ढोलीतून भुसा पडतो का, झाड अलीकडे एका बाजूला कललं आहे का आणि मुळाजवळची माती फाटली आहे का, हे पाहतात. माती फाटली असेल तर ते झाड कधीही बसू शकते. त्यावर माणूस चढवायचा नसतो.

बेचक्याकडेही नजर जाते. दोन फांदे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखे रुंद फुटले असतील तर जोड मजबूत असतो. ‘व्ही’सारखे चिकटून वाढले असतील तर मधे साल दबून राहते, लाकूड एकजीव होत नाही आणि वादळात झाड तिथूनच उभं चिरते.

झाडांच्या स्वभावाचीही बोलण्यात चर्चा होते. चिंच चिवट, तिच्यावर पाय ठेवता येतो. शेवगा आणि जांभूळ दगा देतात, हे तर गावातल्या लेकरांनाही माहीत असते. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, फांद्या आडव्या पसरलेल्या आणि मुळं बहुधा वरवर. त्यामुळं वादळात पडलेल्या झाडांत तो नेहमी दिसतो. वाळलेल्या फांदीचं तर काहीच सांगता येत नाही, मग झाड कोणतंही असो.

‘साल फाडू नको, खुंट ठेवू नको’

इथं खऱ्या कारागिराची ओळख पटते. जाड फांदा एकाच घावात वरून कापला तर तो अर्धा कापला जाताच वजनानं खाली झुकतो आणि खालची साल बुंध्यापर्यंत सोलत नेतो. ती जखम भरायला झाडाला वर्षं लागतात, कधी भरतही नाही. म्हणून जाड फांद्याला तीन काप देतात.

पहिला काप बुंध्यापासून फूटभर दूर, फांद्याच्या खालच्या बाजूनं, जाडीच्या साधारण पाव भागाइतका. दुसरा काप त्याच्या थोडा पुढं, वरून. फांदा इथं तुटून पडतो आणि साल खालच्या कापाशी येऊन थांबते. मग उरतो तो फूटभराचा खुंट. तिसरा काप तो खुंट काढण्यासाठी.

तिसरा काप कुठं द्यायचा, यावर झाडाचं पुढचं आयुष्य ठरते. फांदी बुंध्याला जिथं मिळते तिथं सालीची फुगीर कडी दिसते. हाताच्या पंजाला मनगट असते तसं हे फांदीचं मनगट समजा. काप या कडीच्या लगेच बाहेर द्यायचा. कडीच कापली तर जखम मोठी होते आणि कुज थेट बुंध्यात शिरते. खुंट लांब ठेवला तर तो वाळतो, त्यात पाणी आणि किडे शिरतात आणि पुढं ढोली होते.

हे फक्त अनुभवाचं बोलणं नाही. अमेरिकेच्या वन खात्यातले संशोधक अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं आरीनं उभी चिरून आत कुज कशी पसरते ते पाहिलं. झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. माणसाच्या अंगावर जुन्या मासाच्या जागी नवं मास येते. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती आतून भिंत उभी करते आणि वरून नवं लाकूड चढवते. फांदीची ती फुगीर कडी म्हणजे झाडाची तयार भिंत. ती शाबूत ठेवली तर झाड आपलं काम करते.

मुंडण केलेलं झाड जास्त धोक्याचं

‘वरून सपाट करून टाका, पाच वर्षं पाहायला नको,’ असं अनेक घरमालक सांगतात. शेंडा आणि सगळे फांदे उडवून उभा खांब ठेवायचा, हा प्रकार गावातही दिसतो आणि शहरातही. चांगला छाटणारा इथं वाद घालतो, ‘काकाजी, मुंडण नका करू.’ त्यामागं कारण आहे.

पानं म्हणजे झाडाची चूल. सगळी पानं गेली की झाड उपाशी पडते आणि घाईघाईनं डझनावारी धुमारे फोडते. हे धुमारे कापाच्या कडेला सालीजवळ वरवर चिकटलेले असतात. इकडं खालचा काप कुजत जातो, तिकडं धुमारे जाड होतात. तीन-चार वर्षांनी वादळात तेच मोडून पडतात. म्हणजे धोका टळत नाही, पुढं ढकलला जातो अन् वाढतो. शिवाय आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढं जातो. आतापर्यंत सावलीत असलेली साल एकदम उन्हात आली की भाजते आणि फाटते.

साधा नियम असा, की एका वेळी पाव झाडापेक्षा जास्त पालवी काढू नये. आधी वाळलेले, मोडलेले, एकमेकांना घासणारे फांदे काढावे. छतावर आलेला फांदा मधेच तोडण्याऐवजी मागच्या जोडापर्यंत नेऊन कापावा. घरट्यांकडेही पाहावं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणं हा गुन्हा ठरू शकतो.

संत्र्याच्या बागेतली बोली : ‘सल काढली का?’

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर भागात छाटणी म्हटलं की संत्रा. इथं झाडावर चढणं कमी, पण बोली तेवढीच नेमकी. ‘सल’ म्हणजे वाळलेल्या काड्या आणि फांद्या. फळ तोडून झालं की सल काढायची असते. वाळल्या फांदीवर बुरशी राहते आणि पुढच्या बहाराला देठाजवळ सड अन् गळ आणते. सल काढताना फक्त वाळलेला भाग मोडून चालत नाही, खालचा थोडा हिरवा भागही सिकेटरनं घ्यावा लागतो, कारण रोग तिथपर्यंत उतरलेला असतो. एका रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटर निर्जंतुक करून घ्यावं, नाहीतर छाटणाराच रोग वाटत फिरतो.

‘पानसोट’ हा दुसरा शब्द. खोडातून सरळ वर जाणारी, जाड, काटेरी, फळ न देणारी फूट म्हणजे पानसोट. कोवळी असतानाच ती काढावी. कलमाच्या जोडाखालून आलेली फूट तर ठेवूच नये. ती संत्र्याची नसते, खालच्या जंबेरीची असते.

तिसरा शब्द ‘डिंक्या’. बुंध्यातून डिंक ओघळू लागला की फायटोप्थोरा बुरशीचा संशय घ्यावा. बुंध्याला पाणी लागून राहणं हे त्याचं मोठं कारण. म्हणून पाणी बुंध्याला लागू नये यासाठी दुहेरी आळं करतात आणि बुंध्याला माती चढवत नाहीत. रोगट साल खरवडून बोर्डो पेस्ट लावायची, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, लोखंडाचं नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला तीन फुटांपर्यंत ही पेस्ट लावतात. रोग ओळखता येत नसेल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचा किंवा तालुका कृषी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

डांबर, गेरू आणि पार

मोठ्या झाडाचा काप उघडा दिसला की कोणीतरी डांबर किंवा ऑइल पेंट आणतो. त्यानं कुज थांबत नाही. उलट आत ओल कोंडली जाते. नीट दिलेला काप उघडा ठेवलेलाच बरा. मग संत्र्याला पेस्ट का? कारण बोर्डो पेस्ट हे जखमेवरचं झाकण नाही, ते बुरशीनाशक आहे आणि त्या पिकाच्या ठरावीक रोगासाठी आहे. रस्त्याकडेच्या झाडांवरचे गेरू-चुन्याचे पट्टे वाहनचालकांना झाड दिसावं म्हणून उपयोगी पडतात. कापाचं ते औषध नव्हे.

पाराचंही तसंच. वडा-पिंपळाला पार बांधताना बुंध्याभोवती दोन-तीन फूट माती भरली तर बुंध्याची साल ओलीत राहून कुजते आणि खालच्या मुळांना हवा मिळत नाही. सिमेंट तर बुंध्याला भिडवूच नये. चारही बाजूंनी किमान हात-दीड हात मोकळी माती ठेवावी.

‘लाकडावर की मजुरीवर?’

सौद्याच्या वेळचा हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि घरमालक इथंच चुकतो. ‘लाकूड तुम्ही न्या, पैसे देणार नाही,’ असा सौदा गावात सर्रास होतो. मालकाला काम फुकट झाल्यासारखं वाटते. पण लाकडावर काम घेणाऱ्याची कमाई जाड लाकडात असते. तुम्हाला बारीक वाळके फांदे काढायचे असतात, त्याला हिरवा जाड फांदा परवडतो. मग ‘हाही धोक्याचाच आहे’ असं सांगून चांगला फांदाही खाली येतो. दोष त्या माणसाचा कमी, सौद्याचा जास्त.

मजुरीवर काम दिलं तर कोणता फांदा, कुठपर्यंत, हे आधी ठरवता येते. खडूनं किंवा चुन्यानं खूण करून घ्यावी. लाकूड कोणाचं, काटक्या कोण उचलणार, छताचं टिन फुटलं तर कोण भरणार, हे सगळं चढण्याआधी बोलून घ्यावं. काम झाल्यावर होणारे बहुतेक भांडण याच न बोललेल्या गोष्टींचे असतात.

परवानगीचं काय?

ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, खैर, चंदन, ऐन, बिजा अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तोडण्याआधी तलाठी आणि वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. लाकूड वाहून नेण्यासाठी वेगळा परवाना लागू शकतो. महानगरपालिका आणि नगर परिषदेच्या हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा चालतो. त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही ‘तोडणं’ धरलं आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना तिथं वारसा वृक्षाचा दर्जा आहे. धुऱ्यावरचं झाड असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलावं. कागदापेक्षा तेच जास्त उपयोगी पडते.

चढणाऱ्याचाही विचार

मशीनची आरी आल्यापासून काम झपाट्यानं होते, धोकाही तेवढाच वाढला. पात्याचं टोक लाकडाला लागलं तर आरी उलटा झटका देऊन तोंडाकडं येते. म्हणून ती एका हातानं चालवायची नसते, खांद्याच्या वर उचलायची नसते आणि शिडीवर उभं राहून तर अजिबात नाही. कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, पायात बूट, हे नसेल तर घरमालकानंही काम थांबवावं. दारू पिऊन आलेल्याला चढू देऊ नये. ढग गडगडत असतील तर काम बंद. वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ अॅप मोबाइलवर मोफत मिळते.

छाटणीच्या कामात महिन्याचा पगार नाही, सुट्टी नाही आणि पडलं तर घर बसते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. वयाची अट १८ ते ७० वर्षं आहे. शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिची माहिती तालुका कृषी कार्यालयात मिळते. टोळीतल्या प्रत्येकाचा विमा आहे का, हे विचारायला लाजू नये.

टोळी बोलावताना हे ऐका

- पैसे सांगण्याआधी झाडाभोवती फिरून पाहिलं का?
- तारेबद्दल स्वतःहून विचारलं का?
- ‘पडन कुठं?’ याचं उत्तर त्याच्याकडं आहे का?
- जाड फांद्याला खालून आधी काप देतो का?
- मुंडण करायला नाही म्हणतो का?
- वर एक आणि खाली किमान एक, असा माणूस आहे का?

यातल्या बहुतेक प्रश्नांना ‘हो’ आलं तर दोनशे रुपये जास्त मागितले तरी द्यावे. ‘काही होत नाही काकाजी, पाच मिनिटांचं काम हाय,’ असं म्हणत कोणी लगेच चप्पल काढून बुंध्याला हात घातला, तर त्याला तिथंच थांबवावं.